फाइल नक्की कुठं आहे? : प्रस्तावना

व्हिडिओ संकलन शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘सेव्ह’ आणि ‘एक्सपोर्ट’ या दोन गोष्टी बहुधा शेवटच्या पानांवर येतात. तोवर वाचक क्लिप कापायला, गाणं चढवायला, नावं फिरवायला शिकलेला असतो आणि दमलेलाही असतो. शेवटची पानं तो नुसती चाळतो. घरच्या घरी व्हिडिओ जोडणाऱ्यांसाठी लिहिलेली ही पुस्तिका मात्र त्या दोन गोष्टींपासूनच सुरू होते. हा क्रम मला पटला. भूगावपासून पौडपर्यंत आणि पुढं ताम्हिणीच्या तोंडापर्यंतच्या गावांत जी मुलंमुली घरची शूटिंगं जोडतात, त्यांना कापाकापी बघता बघता जमते. त्यांचं अडतं ते पुढं. ‘काल सगळं झालं होतं, आज उघडलं तर नुसतं काळं दिसतंय.’ किंवा, ‘पेनड्राइव्हवर टाकून दिलं, पण मामांच्या टीव्हीवर लागतच नाही.’

मुळशी तालुक्यात शूटिंगला तोटा नाही. पौड रस्त्याला दोन्ही अंगांनी मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत, आणि लग्नसराईत तिथली रहदारी ज्यानं भोगली त्याला वेगळं सांगायला नको. पूर्वी एका लग्नाला एकच शूटिंगवाला असे: खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या. मिक्सिंग पुण्यात कुठंतरी होई आणि ‘कॅसेट कधी?’ असं विचारत दोन्हीकडची मंडळी महिने काढत. पुढं मिनीडीव्ही आली, सीडी आली, डीव्हीडी आली, तरी घराघरांत ती ‘लग्नाची कॅसेट’च राहिली. आजही शूटिंगवाला असतो, ड्रोनसकट असतो. पण हळद, साखरपुडा, बारसं, भातलावणी, जत्रेतल्या कुस्त्या हे सगळं घरातल्याच पाच-सहा फोनांत विखुरलेलं असतं, आणि ते जोडायचं काम घरातल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ‘तू मोबाइलमधलं करतेस ना गं, एवढं जरा लावून दे,’ असं काकूनं म्हटल्यावर पुतणीला नाही म्हणता येत नाही.

कुस्ती चित्रित करायची हौस तर आपल्याकडे फार जुनी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. भारतीय माणसानं केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत तिची गणना होते. ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. डिसेंबर २०१७मध्ये भूगावला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या तेव्हा फिल्म धुवायचा प्रश्नच नव्हता. टिपलेलं त्याच क्षणी बघता येत होतं. पण त्या आखाड्याभोवती उंचावलेल्या फोनांतलं चित्रण आज कुणाकडे, कोणत्या फोल्डरात आहे? सावेदादांची फिल्म निदान एका डब्यात होती.

आता मुख्य मुद्दा. संगणकावर किंवा फोनवर व्हिडिओ कापताना आपण मूळ चित्रणाला हात लावत नाही. हळदीच्या बारा मिनिटांतली चार ठेवली, आठ काढली, असं पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात ती बारा मिनिटं होती तिथंच, होती तशीच असतात. संकलनाची प्रणाली फक्त लिहून ठेवते: अमुक फाइल घ्या, तिच्या अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत दाखवा, वर हे नाव टाका, खाली हे गाणं वाजवा. ‘सेव्ह’ म्हटल्यावर जतन होतं ते एवढंच टिपण. त्याला प्रोजेक्ट फाइल म्हणतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पीकपाणी असतं, पण उतारा पिशवीत घालून पुण्याला नेला म्हणून शेत काही पुण्याला जात नाही. ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा चित्रपट ज्यांनी पाहिला, किंवा त्यातलं थोडंफार स्वतःच्या भावकीत पाहिलं, त्यांना कागद आणि जमीन यांतला फरक शिकवायला नको. तोच फरक प्रोजेक्ट आणि चित्रण यांत आहे.

खात्री करायची असेल तर शॉटकटसारख्या मोफत प्रणालीत एक छोटं प्रोजेक्ट सेव्ह करा आणि ती ‘एमएलटी’ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चित्र नाही, आवाज नाही. साध्या अक्षरांत लिहिलेल्या सूचनांच्या ओळी दिसतील, आणि त्यांत तुमच्या फाइलींची नावं व पत्ते. ओपनशॉट आणि केडेनलाइव्ह यांच्या प्रोजेक्ट फाइलीही अशाच मजकुराच्या असतात. तासाभराच्या कार्यक्रमाचं चित्रण कित्येक जीबी भरतं, आणि त्याचं प्रोजेक्ट काही केबींत मावतं. असं असताना ‘मी पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट घेतलंय’ असं सांगत कुणी दुसऱ्याच्या संगणकासमोर येऊन बसलं, तर तिथं काळी खिडकी आणि ‘फाइल सापडत नाही’ एवढंच दिसणार.

पत्ता चुकायला फार काही लागत नाही. चुलतभावाचं मेमरी कार्ड थेट जोडून काम केलं, त्यानं कार्ड परत नेलं आणि पुढच्या जत्रेसाठी फॉरमॅट केलं. बाहेरची हार्डडिस्क काल ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसत होती, आज आणखी एक पेनड्राइव्ह आधी लावल्यामुळं ‘एफ’ झाली. ‘नवीन फोल्डर’ हे नाव बरं दिसेना म्हणून ते बदलून ‘ताईचं लग्न’ केलं. फोनवर तर आणखी सोपं: जागा भरली म्हणून गुगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ दाबलं, मूळ चित्रण फोनमधून गेलं, आणि ॲपमधला अर्धवट व्हिडिओ उघडला तर मधल्या क्लिपा गायब. ते चित्रण ढगात सुखरूप असतं, पण ॲप शोधतं ते फोनमध्ये. काइनमास्टर, इनशॉट अशा ॲपांतले मसुदे ॲपच्याच पोटात राहतात. ॲप काढून टाकलं की मसुदेही जातात.

अक्षरांचीही तीच गत. मराठी लग्नाच्या व्हिडिओत पहिलं अक्षर बहुतेक ‘चि.’ असतं, आणि याच ‘चि’नं किती जणांना छळलंय! अनेक संकलन प्रणालींना देवनागरीची जोडणी बरीच वर्षं नीट येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी ‘च’च्या आधी यायची ती मागे जाऊन बसे, जोडाक्षरं सुटी पडत. त्यावर उपाय म्हणून शूटिंगवाले श्रीलिपीसारखे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरत. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच. त्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलीत आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते प्रोजेक्ट उघडा. वधूवरांच्या नावांच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची भेळ मिळेल. कारण तेच. प्रोजेक्टमध्ये फॉन्टचं नाव असतं, फॉन्ट नसतो.

म्हणून पहिल्या प्रकरणातला नियम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका: काम सुरू करण्याआधी एक फोल्डर करा, सगळ्यांच्या फोनांतलं चित्रण, गाणी, फोटो, फॉन्ट आधी त्यात उतरवून घ्या, प्रोजेक्टही त्याच फोल्डरात सेव्ह करा, आणि हलवायचं झालं तर अख्खं फोल्डर हलवा. केडेनलाइव्हमध्ये ‘अर्काइव्ह प्रोजेक्ट’ म्हणून एक सोय आहे, ती लागतील त्या सगळ्या फाइली एका ठिकाणी गोळा करून देते. मॅकवरचं आयमूव्ही आयात करतानाच चित्रणाची स्वतःची प्रत करून घेतं, त्यामुळं तिथं पत्ता हरवण्याचा त्रास कमी, पण डिस्क लवकर भरते.

ही दुहेरी रचना संगणकवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. फिल्मच्या काळातही संकलक मूळ निगेटिव्हला कात्री लावत नसे. निगेटिव्हवरून काढलेल्या कामचलाऊ प्रतीवर सगळी कापाकापी होई, आणि ती पक्की झाली की फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जुळवून निगेटिव्ह कापली जाई. मग तिच्यावरून चित्रपटगृहांसाठी प्रती निघत. मूळ, टिपण आणि प्रत या तीन वस्तू वेगळ्या आहेत आणि तिन्हींची काळजी वेगळी घ्यायची असते, हे तिथं उमेदवारालाही ठाऊक असे.

यातलं कोणतं कधी वाचवतं, ते पुण्यातच दिसलं. १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ८ जानेवारी २००३ रोजी तिथल्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. १९५०च्या सुमारापर्यंतचे चित्रपट तिच्यावरच असत. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्या आगीत गेल्या. ‘संत तुकाराम’ (१९३६) आज आपण पाहू शकतो तो प्रतींमुळं. सगळ्यांत मोलाचं जे मूळ, तेच जळालं आणि वाटल्या गेलेल्या प्रती उरल्या. घरच्या व्हिडिओतही हे असंच घडतं. हार्डडिस्क बसते, फोन धरणात पडतो, आणि मग कुणातरी आत्याला कधीकाळी पाठवलेला एक्सपोर्ट तेवढा शाबूत निघतो.

कधी मूळ आणि टिपण दोन्ही शाबूत असतात, पण ते उघडणारी प्रणालीच जाते. विंडोज मूव्ही मेकर २०००मध्ये विंडोज एमईबरोबर आलं. आपल्याकडच्या किती तरी जणांनी पहिला व्हिडिओ त्यातच जोडला, कारण ते संगणकासोबत फुकट यायचं. १० जानेवारी २०१७ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा पाठिंबा थांबवला आणि ते उतरवून घ्यायची अधिकृत सोय बंद झाली. आता ज्यांनी त्या काळात ‘पब्लिश मूव्ही’ करून डब्ल्यूएमव्ही फाइल काढली होती त्यांचा व्हिडिओ आजही व्हीएलसीसारख्या प्लेअरवर चालतो. ज्यांनी नुसतं सेव्ह केलं त्यांच्याकडे ‘एमएसडब्ल्यूएमएम’ नावाची एक चिमुकली फाइल आहे, आणि ती उघडायला जुना संगणक शोधावा लागतो. जून २०२०च्या अखेरीस सरकारनं ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकबरोबर विवाव्हिडिओही होतं. टिकटॉकचीच चर्चा झाली. पण विवाव्हिडिओ हे संकलनाचं ॲप. फोन बदलल्यावर ते पुन्हा उतरवता येईना, आणि त्यातल्या मसुद्यांना दुसरीकडे उघडायची वाट नव्हती. प्रणाली कधी बंद पडेल हे आपल्या हातात नाही. म्हणून काम अर्धवट असलं तरी निजायच्या आधी एक एक्सपोर्ट काढून ठेवावा, या पुस्तिकेतल्या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे.

एक्सपोर्ट म्हणजे त्या टिपणाबरहुकूम चित्रणाचा एकेक क्षण उचलून, वर अक्षरं बसवून, नवी सलग फाइल लिहिणं. हे काम जड आहे. संगणकाचा पंखा ओरडू लागतो, फोन तापतो, आणि साधा लॅपटॉप तासाभराच्या व्हिडिओला दोन-दोन तास घेतो. एवढ्यात लाइट गेली तर? मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरतं आणि १९२७पासून मुंबईला वीज देतं. त्याच धरणासाठी घरंदारं जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. आणि त्याच धरणाच्या काठी पावसाळ्यात, एक्सपोर्ट ऐंशी टक्क्यांवर आलेला असताना अंधार होतो. अशी अर्धवट एमपीफोर फाइल बहुतेकदा उघडतच नाही. ऐंशी टक्के चित्र त्यात असतं, पण कोणता क्षण फाइलीत कुठं आहे याची सूची सहसा सर्वांत शेवटी लिहिली जाते, आणि तीच लिहायची राहून गेलेली असते. प्रोजेक्ट सेव्ह केलेलं असेल तर लाइट आल्यावर पुन्हा एक्सपोर्ट लावा, एवढंच नुकसान. सेव्ह नसेल तर काय, हे लिहायची गरज नाही. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर हे काम रात्री उशिरा लावण्यापेक्षा लाइटचा भरवसा असेल त्या वेळी लावावं.

एक्सपोर्टच्या खिडकीत विचारले जाणारे प्रश्न बघून नवखा माणूस बिचकतो. घरच्या कामाला त्यांतली दोन-तीनच उत्तरं लागतात. एमपीफोर हे वेष्टण, त्यात चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी. एच.२६४ हे मानक २००३चं, त्यामुळं ते जवळपास सगळीकडे चालतं. २०१३चं एच.२६५ तेवढ्याच दर्जाला जवळपास निम्मी जागा घेतं, आयफोन २०१७पासून मुळात त्यातच चित्रण करतात, पण जुन्या टीव्हीला आणि बऱ्याच जुन्या संगणकांना ते कळत नाही. मामांच्या टीव्हीवर न लागण्याचं एक कारण हे.

दुसरं कारण आकाराचं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिली जाणारी माहिती, ८ मेगाबिट ठेवला तर सेकंदाला १ मेगाबाइट, मिनिटाला ६०, आणि तीन तासांच्या लग्नाला १० जीबीच्या वर. दुकानातून आणलेला छोटा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरीही. ‘जागा आहे तरी घेत नाही’ अशी तक्रार येते ती इथून. एक्सफॅट केलं तर मावते, पण मग जुना टीव्ही तो ड्राइव्ह ओळखेलच असं नाही. तेव्हा लग्नाचे तीन भाग करावेत, सत्तर मिनिटांच्या आतले. सलग तीन तास बघणारंही कोण आहे?

व्हॉट्सॲपबद्दल पुस्तिकेत एक स्वतंत्र पान आहे, ते नक्की वाचा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर तिथं तो पुन्हा दाबला जातो आणि पैठणीचे काठ पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, आणि २०२२पासून २ जीबीपर्यंत जातो. व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्रण संकलनात वापरू नये, ज्याच्या फोनमध्ये मूळ आहे त्याच्याकडूनच घ्यावं, हेही तिथंच सांगितलंय.

एका ठिकाणी माझा मतभेद आहे. मूळ चित्रण कधीच पुसू नये, असं पुस्तिकेची लेखिका म्हणते. घरच्या माणसाला हे पेलत नाही. सहा फोनांतली तीच हळद, तीच अक्षता, पंगतीत जेवणाऱ्यांचे दोन तास हे सगळं आयुष्यभर दोन-दोन हार्डडिस्कांवर कोण वागवणार? पुसावंच लागतं. प्रश्न आहे काय पुसायचं हा, आणि इथं मी मुळशीकरांना एक वेगळी कसोटी सुचवीन. संकलन करताना आपण माणसांचे चेहरे ठेवतो आणि मागची भिंत, अंगण, बांध, भाताची खाचरं कापून टाकतो. पंधरा वर्षांनी चेहरे ओळखीचेच असतात, मागचं मात्र उरलेलं नसतं. हिंजवडी, बावधन, भूगाव, पिरंगुट इथं गेल्या पंचवीस वर्षांत शेतांच्या जागी काय काय उभं राहिलं ते आपण पाहतोच आहोत. तेव्हा वरातीत नाचणाऱ्यांचा सहावा कोन खुशाल पुसा, पण आंबेमोहोराची खाचरं, जुना वाडा, नदीचा घाट, कौलारू शाळा मागे दिसत असेल ती क्लिप हललेली, वाकडी, आवाज फुटलेली असली तरी ठेवा. प्रोजेक्ट आणि मूळ चित्रण जपायचं ते एवढ्यासाठी की उद्या दुसरं कुणी, दुसरंच काही शोधत त्याच फोल्डरात येईल. एक्सपोर्टमध्ये आपण आज जेवढं निवडलं तेवढंच असतं.

रंगसंगती, चमचमणारी संक्रमणं, हिरवा पडदा यांवर या पुस्तिकेत काहीच नाही. त्यासाठी हवं तेवढं साहित्य इतरत्र आहे, आणि खरं सांगायचं तर हृदयाच्या आकारात उघडणारं चित्र न शिकलेलंच बरं.

मेनूंची नावं आवृत्तीगणिक बदलतात. पुस्तिकेत ‘एक्सपोर्ट’ लिहिलंय तिथं तुमच्या फोनवर नुसता बाण असेल किंवा ‘सेव्ह व्हिडिओ’ असं लिहिलेलं असेल. हे दुसरं फसवं आहे. सेव्ह म्हणत ते एक्सपोर्टच करतं. मोफत आवृत्ती कोपऱ्यात स्वतःचं नाव छापते का, हेही सगळं काम झाल्यावर पाहण्यापेक्षा आधी पाहून घ्या. त्यासाठी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिलेला सराव सगळ्यांत उपयोगाचा: तीन क्लिपा घेऊन एका मिनिटाचं प्रोजेक्ट करायचं, वर मराठीत नाव टाकायचं, सेव्ह करायचं, बंद करायचं. मग चित्रणाच्या फोल्डरचं नाव मुद्दाम बदलायचं आणि प्रोजेक्ट उघडून काय मोडतं ते पाहायचं. पत्ता पुन्हा जुळवून द्यायचा, एक्सपोर्ट काढायचा आणि पेनड्राइव्हवर घालून घरातल्या टीव्हीला लावायचा. टीव्ही जुना असेल तर अधिक चांगलं.